ऊसतोड भागात बालविवाहाची स्टोरी करताय? मुलीला आधी जपा

बीडकडं टीव्ही किंवा रेडिओसाठी बालविवाहावर स्टोरी करायची असेल तर आधी हिशोब समजून घ्या, मुकादम म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार, तो उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकलं जातं. हे नीट सांगितलं नाही तर स्टोरीत नुसते आईबापच व्हिलन दिसतात, ते बरोबर नाही.

मुलीशी बोलायला गेलात की पहिल्या दिवशी कॅमेरा काढूच नका, आईजवळ बसा, चहा घ्या, आणि बोलणं कुठं दाखवणार ते पोरीला सरळ सांगा, ती नको म्हणाली तर विषय संपला.

मी एकदा चेहरा व्यवस्थित ब्लर केला होता, पण मागं खुंटीला दप्तर लटकत होतं आणि त्यावर शाळेचं नाव, एडिटला शेवटच्या क्षणी दिसलं, पोटात गोळाच आला. तेव्हापासून फ्रेममधली भिंत, कॅलेंडर, गाडीचा नंबर सगळं तपासते. रेडिओवाल्यांनी आवाज बदलाच, पण गावाचं नाव, वडिलांची हाक पण कापा. पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची केस असेल तर त्याच्या कलम २३ प्रमाणे नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, काहीच दाखवता येत नाही.

लग्न अजून व्हायचं असेल तर बातमी नंतर, आधी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (आधीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही लगेच कळवा.