मालवणात कामाला येताय? इंग्रजीतली ही जुळी आधी ओळखा

घाटावरून येऊन इथे रुळलेल्या आमच्यासारख्यांना नवी मुलं दोनच गोष्टी विचारतात: खोली कुठे मिळेल आणि मालवणी जमेल का? खोलीचं दिवाळीच्या सुट्टीआधीच बघा. मालवणीचं टेन्शन नको, "खंयसून इलास?" असं कोणी विचारलं की गावाचं नाव सांगा, पुढचं आपोआप जमतं. घोडं अडतं ते इंग्रजीपाशी. होमस्टे, होडी, स्कूबा, कुठेही गेलात तरी फळ्या आणि फॉर्म इंग्रजीत.

पाण्याजवळचे शब्द आधी शिका. 'लूस' म्हणजे ढिलं, स्पेलिंगमध्ये दोन ओ. 'लूझ' म्हणजे हरवणं, एकच ओ. गोची अशी की मराठीत आपण ढिल्या पट्ट्याला सर्रास 'लूज' म्हणतो, आणि इंग्रजी कानाला तो हरवण्याचा शब्द वाटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत परदेशी पाहुण्याला नुसतं "जॅकेट लूज" म्हणालात तर तो बाकाखाली जॅकेट शोधायला लागेल. सरळ 'टाइट' म्हणा. बकल लागलं की खांद्याशी धरून जॅकेट वर ओढून बघा. हनुवटीवर चढलं, तर पट्टे अजून आवळायला हवेत.

स्कूबावाल्यांकडे लागलात तर 'ब्रेथ' आणि 'ब्रीद'. पहिला श्वास, दुसरा श्वास घेणं. लिहिताना दुसऱ्याच्या शेवटी ई. आपल्याकडे ब्रीदवाक्य असतं ना, तसं पाण्याखाली 'ब्रीद' हेच ब्रीदवाक्य. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते. त्या वेळी श्वास रोखून धरला तर फुप्फुसाला इजा होते. 'होल्ड युअर ब्रेथ' हे वाक्य सूचनेत दिसलं, तर त्याआधी 'नेव्हर' आहे ना, एवढं बघाच.

मग पैशाचे शब्द. 'कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट' म्हणजे वेगळे पैसे न घेता दिलेला नाश्ता. एल नंतर आय. तिथे ई घातलात तर अर्थ होतो पूरक. चुकीच्या फळीखाली बसूनही पाहुणा घावणे फुकटच खाणार, पण रेटिंग देताना स्पेलिंगवर हसून जाईल. आणि 'कंप्लेंट'शी याचा काही संबंध नाही, उगाच मालकाला हाक मारू नका.

सोलकढी आवडली की पाहुणे 'रेसिपी' मागतात, निघताना 'रिसीट'. रिसीटमध्ये पी लिहायचा, उच्चारायचा नाही. दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदातून आले, आणि जुन्या इंग्रजीत पाककृतीलाही रिसीट म्हणत. म्हणजे गोंधळ घालणारे तुम्ही पहिले नाही.

मेनूवर 'डिझर्ट'ला एकच एस पडला तर गोडाचं वाळवंट होतं. होऊ दे, खाणाऱ्याला कळतं. 'स्टेशनरी'त ए असेल तर जागेवर स्थिर, ई असेल तर वही-पेन. इथे ते वर्षात एखाद्या वेळी लागेल.

पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद असतात, तेव्हा फळ्या नव्याने रंगतात. पेंटरला मजकूर फोनवर सांगू नका, तो कानावर पडेल तसंच रंगवतो. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या आणि रंग चढण्याआधी खडूचं लिखाण स्वतः जाऊन वाचा. पुसून पुन्हा रंगवायचे पैसे तो वेगळे लावतो.