पगार थांबला आणि दंड सुरू झाला: बचत खातं निवडताना

2019 मध्ये माझ्या नवऱ्याची चाकणची नोकरी गेली. पगाराच्या खात्यात चारेक हजार शिल्लक होते, ते आम्ही अडीअडचणीला म्हणून तसेच ठेवले. वर्षभराहून जास्त काळाने पासबुक छापून आणलं, तर शेवटचे बारा महिने दर महिन्याला एक ओळ होती: किमान शिल्लक नसल्याचा दंड 250 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 295. बारा महिन्यांचे झाले 3,540. तेव्हा घर माझ्या पोळ्यांवर चालत होतं आणि एका पोळीमागे मला दोन रुपये सुटत. 1,770 पोळ्या लाटल्याचे पैसे गेले, हे मी त्या काउंटरवरच मोजलं.

झालं असं, की काही महिने पगार जमा झाला नाही आणि बँकेने ते खातं साधं बचत खातं करून टाकलं. मग किमान दहा हजार शिल्लक ठेवायची अट लागू झाली. मेसेज जात होते, पण ते कंपनीच्या सिमवर, आणि सिम आम्ही परत केलं होतं. म्हणून नोकरी सुटली की त्याच आठवड्यात दोन कामं करा: बँकेतला मोबाईल नंबर बदला आणि या खात्याचं पुढे काय होणार ते विचारा.

नवीन खातं उघडण्याआधी मी एका कागदावर लिहून काढलं, पैसे कुठल्या तारखेला येतात आणि कुठल्या तारखेला संपतात. माझी डब्याची गिऱ्हाइकं 5 तारखेपर्यंत पैसे देतात. 7 ला किराणा, 10 ला शाळेची फी, आणि 20 नंतर खात्यात हजारसुद्धा नसतात. अशा माणसाने दहा हजारांच्या अटीचं खातं घेऊच नये. ही अट बहुतेक ठिकाणी महिन्याच्या सरासरीवर असते: रोज रात्रीची शिल्लक मिळवायची आणि दिवसांनी भागायची. तीस हजार दहा दिवस राहिले तर तीस दिवसांची सरासरी दहा हजार भरते. उलट, शेवटच्या तारखेला धावतपळत दहा हजार भरून काही उपयोग नाही. माझ्या जावेने तीन महिने तेच केलं आणि तिन्ही वेळा दंड भरला.

किमान शिल्लकच नको असेल तर ‘बेसिक सेव्हिंग्ज’ खातं मागा, नाव घेऊन मागा. रिझर्व्ह बँकेच्या 2012 च्या नियमाप्रमाणे बँकांना ते सगळ्यांना द्यावं लागतं, ते फक्त गरिबांसाठी नाही. एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा, महिन्यातून किमान चार वेळा काढणं मोफत. चारनंतर काय आणि त्यात यूपीआय धरता का, हे आधीच विचारून घ्या. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही. स्टेट बँकेने तर मार्च 2020 मध्ये सगळ्याच बचत खात्यांवरची किमान शिल्लक काढून टाकली.

एटीएमचं सांगते. आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, बाकी ठिकाणी पाच. पुणं त्या सहांत नाही, म्हणजे आम्हाला पाच मिळतात. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला मे 2025 पासून 23 रुपयांपर्यंत आकार, वर जीएसटी. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर शिल्लक बघणं हाही व्यवहार धरला जातो. सासूबाई आधी शिल्लक बघायच्या, मग पैसे काढायच्या. पाचाचे अडीच व्हायचे. आता त्या शिल्लक मोबाईलवर बघतात.

पासबुकात मे अखेरीस 20 आणि 436 रुपये गेलेले दिसले तर घाबरू नका, ते सरकारी अपघात विम्याचे आणि जीवन विम्याचे हप्ते आहेत. विमा चांगला आहे, ठेवा. पण एका माणसाला तो एकाच खात्यातून घेता येतो. दोन खात्यांतून हप्ता जात असेल तर एकीकडचा लेखी अर्ज देऊन बंद करा.

आमच्या गल्लीत रोज पतसंस्थेचा माणूस दारात येतो, खातं काढा म्हणतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. घरखर्चाचे पैसे मी तिथे ठेवत नाही.

दंड लागला असेल तर गप्प बसू नका. दंडाआधी ग्राहकाला कळवायचं, शिल्लक भरायला किमान महिना द्यायचा, आणि नुसत्या दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही, असा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. मॅनेजरसाहेबांच्या नावाने अर्ज लिहा, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आमचे साहेब आधी म्हणाले, ‘ताई, सिस्टीमच कापते.’ मी शिक्क्याची प्रत पुढे ठेवली. तीन आठवड्यांनी 1,770 रुपये परत जमा झाले आणि त्याच दिवशी आम्ही ते खातं बंद केलं.