तीळ जाळण्याआधी या चुका टाळा

“तीळ काढून टाकला डॉक्टर, आता काय तपासायचंय?” हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. तपासायचा होता तो तीळच, आणि तोच जाळलेला असतो.

एक काका जांघेतली गाठ दाखवायला आले. टाचेवर पांढरा वण दिसला. खोदून विचारल्यावर कळलं, वर्षभरापूर्वी तिथे काळा डाग होता, वेड्यावाकड्या कडांचा, पसरत चाललेला. कुरूप समजून आधी कॉर्न कॅप लावली, मग कुणीतरी पाच मिनिटांत कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या सुईने) जाळून दिला. तुकडा लॅबला गेलाच नाही. गाठीच्या बायोप्सीत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, निघाला; टाचेवरून तो जांघेपर्यंत पसरला होता. डाग किती खोल होता, हे आता कुणीच सांगू शकत नाही. ऑपरेशन तर त्याच मापावर ठरतं: जाडी १ मिमीपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंमी कातडी काढतात, २ मिमीच्या वर गेली तर २ सेंमी.

म्हणून संशयास्पद तीळ मी अख्खा काढतो, कडेची २-३ मिमी कातडी घेऊन, आणि फॉर्मालिनच्या बाटलीतून लॅबला धाडतो. “रिपोर्ट नको, खर्च वाढतो” म्हणणाऱ्याचा तीळ मी काढत नाही. लग्न आठ दिवसांवर आलंय म्हणून घाई करणाऱ्यांनाही हेच सांगतो. चुना-सोडा लावून तर तीळ कधीच काढू नका.

दुसरी चूक, चेहऱ्यावरचे तीळ मोजत बसायचं आणि तळवे बघायचेच नाहीत. आपल्याकडे मेलानोमा दुर्मीळ, पण झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ साली निदान झालं, १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी तो गेला. नखाखालचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. काळी रेघ मात्र जागेवरच राहून रुंदावत असेल, किंवा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीला मेलानोमा बहुधा दुखत नाही.

साध्या तिळाचा फोटो रुपयाच्या नाण्याशेजारी, त्याच उजेडात, महिन्यातून एकदा काढा. रोज बघून बदल कळत नाही. रक्त येत असेल किंवा जखम भरत नसेल, तर फोटो काढत बसू नका, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.