ट्रॉलीचे टायर बदलायचेत? हंगामाआधी एवढं बघा

उसाची ट्रॉली दसऱ्याच्या आधीच झाडाखालून बाहेर काढा. एकदा साखर कारखाने सुरू व्हायच्या बातम्या आल्या की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठल्याही टायरच्या दुकानात उभं राहायला जागा मिळत नाही. "हे माप आठ दिवसांनी येईल अण्णा" असं ऐकून घरी यायचं आणि तोडणीची टोळी फडात बसवून ठेवायची. टोळी बसून असली तरी खर्ची मागतेच.

जुन्या टायरवरचं माप फोटो काढून घ्या. ७.५०-१६ असेल, ९.००-२० असेल, जे असेल ते. तोंडपाठ आहे म्हणू नका. आधीच्या मालकाने रिम बदललेल्या असतात.

मग गेल्या हंगामाच्या काटापावत्या काढा. भरलेलं वजन, रिकामं वजन दोन्ही तिथं लिहिलेलं असतं. ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या एकदम काट्यावर घेतल्या असतील तर ट्रॅक्टरचं वजन वजा करा आणि बाकीचं दोन ट्रॉल्यांत वाटा. समजा भरलेली ट्रॉली १० टनांची आणि टायर चार, म्हणजे टायरमागे अडीच टन. पण हे सपाट रस्त्याचं गणित. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या मळीच्या रानातून ट्रॉली वर काढताना ती एका अंगाला कलते आणि खालच्या बाजूच्या दोन टायरांवर किती येतं ते मोजायला कुणी नसतं. म्हणून हिशेबापेक्षा वरच्या भाराचा टायर घ्या. टायरच्या बाजूवर १२२/११८ असा आकडा असतो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. हे थेट किलो नाहीत, कोष्टकात बघायचे: १२२ म्हणजे १५०० किलो, १४० म्हणजे २५००, १४६ म्हणजे ३०००. दुकानदार "सोळा प्लाय आहे, डोळे झाकून घ्या" म्हणेल. डोळे झाकू नका. प्लायचा आकडा आता आतल्या थरांची मोजणी नव्हे, नुसता ताकदीचा दर्जा आहे. त्या भाराच्या आकड्याशेजारीच वेगाचं अक्षर असतं. ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर. ट्रॉलीला तेवढं पुरतं, पण तवंदी घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडणारा ड्रायव्हर असेल तर टायर बदलण्याआधी ड्रायव्हर बदला.

नंतर तारीख. बाजूवरच लंबगोलात चार आकडे असतात. ३२२३ म्हणजे २०२३ सालातला बत्तिसावा आठवडा. ट्रॉलीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण ट्रॉलीचा टायर झिजून क्वचितच मरतो. पाच महिने राबतो आणि सात महिने उन्हात, एकाच जागी, एकाच बाजूवर भार घेऊन उभा राहतो. वरून नक्षी शाबूत दिसते आणि बाजूला बोटभर भेगा पडलेल्या असतात. म्हणून नक्षी बघून "अजून एक हंगाम काढेल" म्हणायचं नाही. आणि नव्यातही दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला माल "फ्रेश" म्हणून गळ्यात मारतात.

नक्षी सरळ पट्ट्यांची घ्या. चिखलात बरी म्हणून आडव्या गट्टूंची मागणारे आहेत. अहो, ट्रॉलीचं चाक ओढत नाही, ओढलं जातं. गट्टू ट्रॅक्टरला. नायलॉन (आत तिरके दोरे) आणि रेडियल (आत काठापासून काठापर्यंत सरळ दोरे) एकाच अ‍ॅक्सलवर नको. ट्रकमधून काढलेले जुने टायर अर्ध्या तालुक्याच्या ट्रॉल्यांना आहेत. घ्यायचेच असतील तर आतून हात फिरवून बघा, कुठं फुगा किंवा तुटलेला दोरा लागला की परत द्या. रिमोल्डचंही, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेल्याचंही तेच, आधी सांगाड्याची तारीख.

आता फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्या मधला रबरी पट्टा. टायर घेताना ट्यूब आणि फ्लॅप दोन्ही नवे घ्या. हे यादीत सगळ्यात वर लिहा, टायरच्याही वर. गेल्या हंगामात आमच्याकडे टायर नवे आले, ट्यूब नव्या आल्या आणि फ्लॅप जुनेच आत गेले, कारण "चांगले आहेत की, कशाला पैसे घालवता". ऐन नोव्हेंबरात, भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला कलंडायच्या बेतात, आणि टायरला बाहेरून खिळा नाही की काटा नाही. उघडल्यावर दिसलं. फ्लॅप जुना झाला की तो उन्हात वाळलेल्या चामड्यासारखा कडक होतो, कडा वळतात, व्हॉल्व्हच्या भोकापाशी चीर जाते. त्या वळलेल्या कडेने नवी कोरी ट्यूब गोल रेघ मारल्यासारखी कापली होती, आणि चिरेतून रिमच्या गंजाच्या खपल्या आत आल्या होत्या. टायरच्या किमतीपुढे फ्लॅपची किंमत काहीच नाही. तरी लोक तिथंच वाचवतात.

फ्लॅप घ्या. मापाचा घ्या. मोठा घेतला तर घडी पडते, अरुंद घेतला तर कडेची ट्यूब उघडी राहते. जुनी ट्यूबही नव्या टायरात घालू नका. ती ताणून वाढलेली असते, आत घडी पडते आणि घडीवरच फुटते. आणि बिलात फ्लॅप वेगळा लिहून घ्या. "सेटमध्येच आहे" यावर विश्वास नको, सेट स्वतः उघडून बघा.

बसवताना तिथून हलू नका, चहाला जाऊ नका. रिमचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या. फ्लॅप आत जाताना डोळ्यांनी बघा. ट्यूबला पावडर लावायला सांगा. हवा भरली की एकदा पूर्ण सोडायची आणि पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूब-फ्लॅपच्या घड्या निघतात. कारागीर कंटाळा करतो, त्याला करायला लावा. रिम लॉक रिंगची (टायर अडवून धरणारी सुटी लोखंडी कडी असलेली) असेल तर हवा भरताना रिंगच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही, पोरांना लांब काढा. रिंग नीट बसली नसेल तर ती सुटते आणि माणूस जातो. हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा नसेल तर निदान साखळी आवळून भरणाऱ्याकडे जा.

चाकं निघालीच आहेत तर बेअरिंग बघा, ग्रीस भरा. हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना. अंदाजाने लाथ मारून नव्हे.

पहिली खेप टाकून आलात की नट पुन्हा आवळा. जॅक, पाना, ठोकळे, उजेडाची बॅटरी ट्रॅक्टरवर. हंगाम संपला की ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून ठेवा, टायरांवर पोती टाका.

स्टेपनीची तारीख बघा. फ्लॅप तिचाही.