डिफरन्शियलचं ऑइल निवडताना
फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या दोन्ही डिफरन्शियलना (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) आणि ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा भाग) एकच ऑइल चालेल असं धरून चालू नका. मॅन्युअलमध्ये प्रत्येकाचं वेगळं बघा. डिफरन्शियलमधल्या हायपॉइड प्रकारच्या गिअरचे दात एकमेकांवर दाबाखाली घसरत फिरतात, म्हणून डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलचा दर्जा) लागतं. तेच ऑइल जीएल-४ (त्याखालचा दर्जा) सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका, त्यातली गंधकयुक्त रसायनं गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. क्लचवालं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) असेल तर फ्रिक्शन मॉडिफायरबद्दल (क्लचचं घर्षण सौम्य करणारा ऑइलमधला घटक) मॅन्युअल काय म्हणतं ते पाहा. तो हवा असून नसेल तर वळताना मागून घरघर येते. आणि जुनं ऑइल सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय ना, हे नक्की पाहा, नाहीतर नवं भरता येणार नाही! निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय; ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) आणि सील तपासून मगच नवं भरा.