५७०० ची ६७०० करताना

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ५७०० पॅनियर टँकचं (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं वाफेचं इंजिन) ओओ मापाचं (१:७६) तयार मॉडेल थोडक्या कामात ६७०० होतं. बॉयलर, टाक्या, चाकं सगळं तेच. ६७०० यार्डातल्या शंटिंगची, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायची, म्हणून नुसता वाफेचा ब्रेक. व्हॅक्यूम ब्रेक नाही, एटीसी (ड्रायव्हरला सिग्नलची सूचना देणारी यंत्रणा) नाही, डबे जोडायचं कपलिंग तीन कड्यांचं.

आधी कॅबच्या पुढच्या खिडक्या बघा. गोल असतील तर नंबर ६७०० ते ६७४९ मधलाच घ्या. चौकोनी असतील तर ६७५० ते ६७७९. इथे चुकलं की बाकी मेहनत वाया.

बफर बीमवरचे (इंजिनाच्या टोकाची आडवी पट्टी) व्हॅक्यूम ब्रेकचे पाइप काढायचे, पण पकडीने ओढू नका. ते मुळाशी तुटतात आणि बीमचा टवका निघतो. मी पाइप बीमलगत कापले, ०.८ मिमी ड्रिल हातानेच फिरवून बुंधा पोखरला, भोकात प्लास्टिकची काडी चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती सपाट कापून ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून फिरवला, मग लाल रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर रिव्हेट बुजतात, आणि बीमची सगळी शान त्या रिव्हेटांतच आहे.

छापील नंबर एनॅमल थिनरच्या बोळ्याने, दाब न देता पुसा. ॲसिटोन अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. राहिलेला चकाकता डाग पितळी नंबरप्लेटखाली झाकला जातो.