लग्नाची जुनी डीव्हीडी अडकते? आधी कॉपी करा, मग बघा

घरोघरी कपाटात लग्ना-मुंजीच्या सीडी आणि डीव्हीडी पडून आहेत. आज त्या लॅपटॉपला लावल्या की एक तर काहीच उघडत नाही, नाहीतर ऐन मंगलाष्टकांत चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं आणि आवाज अडकतो. यातल्या बऱ्याच डिस्क अजून वाचवता येतात. पण राईट केलेल्या डिस्कमधला, माहिती ज्यात लिहिली जाते तो रंगाचा थर वर्षागणिक खराब होत जातो, म्हणून पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.

आधी डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. खालच्या बाजूला बोटांचे ठसे असतील तर चष्म्याच्या मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. माहिती गोलाकार ओळीत लिहिलेली असते. त्या ओळीच्या दिशेने चरा पडला तर सलग मोठा भाग जातो. ओळीला छेदणारा बारीक चरा ड्राइव्ह बहुतेकदा सावरून घेतो. टूथपेस्ट वगैरे लावू नका. सीडीची लेबलाची बाजूही जपा, कारण माहितीचा थर तिथेच, वार्निशच्या लगेच खाली असतो. वर चिकटवलेला कागद ओढला तर तो थरही सोबत निघून येतो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे तिथे ही भीती कमी.

आता डिस्क लावा. विंडोज 10 आणि 11 मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळातच दिलेली नाही, त्यामुळे ‘चालत नाही’ म्हणून डिस्क फेकून देऊ नका. व्हीएलसी हा मोफत प्लेअर घ्या आणि ‘मीडिया’ मेन्यूतून ‘ओपन डिस्क’ निवडा. बाहेरून जोडलेला ड्राइव्ह नुसताच टकटक करत असेल तर यूएसबी हब काढून तो थेट लॅपटॉपला जोडा. अनेकदा त्याला वीजच कमी पडत असते.

डिस्क उघडली तरी लगेच बघत बसू नका. डीव्हीडीतलं व्हिडिओ_टीएस हे अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. व्हिडिओ सीडी असेल तर एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइल घ्या. मध्येच ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असा एरर आला, तर तेवढा भाग ड्राइव्हला वाचता आलेला नाही. बाकीच्या फाइल एकेक करून घ्या आणि अडलेल्या फाइलसाठी दुसरा ड्राइव्ह वापरून बघा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा वाचतो, हे नेहमीचं आहे.

कॉपी झाली की व्हीएलसीत बघा. हळद लावणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर ‘व्हिडिओ’ मेन्यूतलं ‘डीइंटरलेस’ चालू करा. त्यात डिस्कचा दोष नाही. फोनवर पाठवायला हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एमपी4 फाइल करून घ्या.

मामांना टीव्हीखालच्या प्लेअरसाठी डिस्कच हवी असेल, तर एमपी4 नुसती डेटा म्हणून बर्न केलेली जुन्या प्लेअरला सहसा कळत नाही. वाचवलेलं व्हिडिओ_टीएस फोल्डर पूर्ण असेल तर तेच इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने डीव्हीडी-व्हिडिओ म्हणून बर्न करा. कोऱ्या डिस्कवर 4.7 जीबी छापलेलं असलं तरी विंडोजच्या मोजणीत ते सुमारे 4.38 जीबीच भरतं, 4.5 जीबीचं फोल्डर त्यात मावणार नाही. डिस्क 16एक्सची असली तरी वेग 4एक्स किंवा 8एक्स ठेवा, लॅपटॉप स्लीपला जाऊ देऊ नका आणि ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नका. त्यात वेळ दुप्पट जातो, पण डिस्क नीट लिहिली गेली की नाही हे तिथल्या तिथे कळतं. डिस्क फायनलाइझ करायला, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करायला, विसरू नका, नाहीतर प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवतो. नाव-तारीख सीडी मार्करनेच लिहा. बॉलपेनचा दाब आतल्या थराला लागतो. आणि डिस्क मामांकडे देण्याआधी त्या फोल्डरची आणखी एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.